घाऊक भरलेला किराणा खरंच स्वस्त पडतो का?

हिशेबाची_वही:
"मोठा पुडा घ्या, स्वस्त पडतो" हा सल्ला इतका मुरलाय की तो कुणी तपासूनही बघत नाही. माझं मत उलट आहे. चार माणसांच्या घरात घाऊक खरेदीने खर्च कमी होत नाही, बऱ्याचदा वाढतोच.

हिशेब सोपा आहे. ५ किलोचा पुडा किलोमागे २० टक्के स्वस्त मिळाला. त्यातल्या एका किलोला कीड लागली, किंवा कुणी खाईना म्हणून तो टाकला. आता खाल्लेल्या ४ किलोंचा दर काढून बघा. सुटा घेतला असता तेवढाच! सवलत गेली, ओझं वाहिलं ते वेगळं. आणि काहीच टाकलं नाही तरी घरात भरपूर आहे म्हटल्यावर हात सैल सुटतो. तेलाचा डबा भरलेला असेपर्यंत तळण चालू, तळ दिसायला लागला की मग चमचा मोजून.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल म्हणतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळूनसुद्धा आपल्या स्वयंपाकघरांच्या मागे. म्हणून म्हणते, लागेल तेवढंच आणा.

डबाभर:
साफ असहमत. उदाहरण सोयीचं निवडलंय. तांदूळ, डाळ, मीठ, साखर यांचा पाचवा हिस्सा कोण फेकतं हो? कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात हा माल महिनोन्‌महिने राहतो. फेकलं जातं ते भाजी, फळं, पाव आणि कालचं उरलेलं. त्याचं पाप तांदळाच्या पोत्यावर का?

कडधान्यांचंच घ्या. १ किलो कोरडा राजमा शिजला की जवळपास अडीच किलो होतो. शिजवून डबाबंद केलेला ४०० ग्रॅमचा डबा आणलात तर पाणी निथळल्यावर हातात येतात साधारण २४० ग्रॅम. म्हणजे एका किलोच्या पिशवीत असे दहा डबे! दोन्हींचे दर शेजारी लिहून बघा, मग बोलू.

शिवाय "लागेल तेवढंच" म्हणजे सारख्या दुकानाच्या फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीत यादीबाहेरचं काहीतरी पिशवीत पडतंच.

सुटे_पैसे:
तुम्ही दोघंही असं बोलताय जणू निवड प्रत्येकाच्या हातात आहे. घाऊक घ्यायला आधी एकरकमी पैसे लागतात, आणि ठेवायला कोरडी जागा. ज्याच्या हातात आठवड्याचेच पैसे येतात तो लहान पुडाच घेणार आणि किलोमागे जास्त मोजणार. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलं होतं की घर जितकं गरीब, तितका उत्पन्नातला मोठा वाटा अन्नावर जातो. म्हणजे ज्याला बचतीची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच घाऊक दर मिळत नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक पोतं घ्यायचं आणि घरी वजन करून वाटायचं, एवढा एकच मार्ग मला दिसतो. तोही शेजाऱ्यांशी पटत असेल तर.

हिशेबाची_वही:
@डबाभर, तांदूळ आणि कडधान्यं तुमची, सोडली. पण मोठ्या पुड्यात तेवढंच येतं का? गव्हाच्या अख्ख्या पिठात अंकुराचं तेल असतं, हवेने ते खवट होतं. शेंगदाणे, अक्रोड, बदाम, सगळ्यांची तीच गत. दळलेल्या मसाल्याचा तर वासच उडतो. मग एका चमच्याऐवजी दोन घालायचे आणि स्वस्त आणला म्हणून खूश व्हायचं.

@सुटे_पैसे, मुद्दा शंभर टक्के पटला.

दुपारची_पाळी:
दहा डब्यांचा हिशेब वाचून हसू आलं. तो राजमा आदल्या रात्री भिजत कोण घालणार? कामावरून आल्यावर शिजेपर्यंत उभं कोण राहणार? गॅसचा खर्च कुठे धरलात? वेळ फुकट धरला की कुठलीही काटकसर जिंकते, आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच माणसाचा असतो.

आणि राजमा घाईत अर्धवट शिजवायची वस्तू नव्हे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. भिजवल्याचं पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा लागतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तापमान तेवढं चढेलच असं नाही, त्यामुळे त्यात तो कच्चा टाकून कामाला निघून जाऊ नका.

डबाभर:
अहो, रोज कोण शिजवायला सांगतंय? सुट्टीच्या दिवशी एकदाच किलोभर शिजवा आणि एका वेळेपुरते भाग करून फ्रीझरमध्ये टाका. उणे १८ अंशांवर महिने-दोन महिने काही होत नाही. भिजत घालायला दोन मिनिटं लागतात, आणि ती घरातला कुणीही घालू शकतो. तो वाद किराण्याचा नाही, घरातला आहे.

दुपारची_पाळी:
घरातला आहे म्हणूनच इथे लिहिला.

उरलंसुरलं:
आठवड्याचं एकदम शिजवणाऱ्यांसाठी, मधेच. भाताच्या बाबतीत सांभाळा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उथळ भांड्यात पसरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. बाकीचं शिजलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फ्रीझर.

दुसरं म्हणजे तारखा. 'बेस्ट बिफोर' ही चवीची तारीख आहे. ती उलटली म्हणून न फोडलेला पास्ता कचऱ्यात घालू नका. 'यूज बाय' मात्र पाळायची, विशेषतः मांस-मासे असतील तर. हा फरक माहीत नसल्याने चांगला माल फेकला जातो, पुडा मोठा असो की लहान.

सुटे_पैसे:
+१. आणि मोठं पाकीट स्वस्तच असतं हेही गृहीत धरू नका. वजन गुपचूप घटवून पाकीट तेवढंच ठेवतात. कधी दोन लहान पुड्यांवर सवलत असते आणि "फॅमिली पॅक" किलोमागे महाग निघतो. फळीवर किलोचा दर लिहिला असेल तर तोच वाचायचा, नसेल तर मोबाइलवर भागाकार.

डबाभर:
भागाकार आम्हीही करतो. पीठ आणि मसाल्यापुरती हार मान्य, तांदळावर नाही.