भाडोत्री सैनिकांचा खेळ, आणि पगाराचा नियमच नाही?

खडूस फासा

मागच्या आठवड्यात 'पाठकोरा कागद' यांनी लेख टाकला होता. मध्ययुगीन भाडोत्री सैनिकांची डार्क फँटसी खेळायची तर केर्नसारख्या, टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाची वीस-बावीस पानं पुरेत, जाडजूड पुस्तकं म्हणजे हमाली, आणि "जे पानावर नाही ते टेबलावर सापडतं". खाली सगळ्यांनी +१ चा पाऊस पाडला. मी तिथे गप्प बसलो, पण ते वाक्य काही पचेना, म्हणून हा वेगळा धागा.

केर्न मलाही आवडतो. पात्राचे तीन गुण, सामानाला दहा स्लॉट म्हणजे जागा, वार लागला का बघायला फासा नाही, थेट नुकसान. तलवार उपसायची म्हटली तरी टेबलावरचे चेहरे बदलतात. पण यात भाडोत्री सैनिक कुठे आहे? आपण मशालवाला ठेवला तर त्याची रोजची मजुरी दिलेली आहे. आपल्याला कोणी ठेवलं तर काय, यावर एक ओळ नाही. कच खाण्याचा नियम बघा: पहिला माणूस पडला की शत्रूने फासा टाकायचा, निम्मे पडले की पुन्हा. खेळाडूंना तो लागू नाही. म्हणजे पैशासाठी लढणारी जगातली एकमेव टोळी जी कधीच पळत नाही!

१३६० साली ब्रेतिन्यीचा तह झाला, फ्रान्समधले हजारो सैनिक बेकार झाले आणि त्यांतल्या कितीतरी टोळ्या इटलीत उतरल्या. तिथली शहरं त्यांच्याशी लेखी करार करायची. किती भाले (एक भाला म्हणजे तीन माणसं, तीन घोडी), किती महिने, आगाऊ किती, लढाईत घोडं मेलं तर भरपाई किती. शहराचा कारकून घोड्याचा रंग आणि खुणा वहीत लिहून घ्यायचा, नाहीतर एकच मरतुकडं घोडं दोन तुकड्यांत दाखवून पगार उचलला जायचा. कुठल्याही तळघरापेक्षा हे भारी आहे. आणि तुम्ही म्हणता टेबलावर सापडेल. टेबलावर ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं सापडतं, बाकी काही नाही.

पाठकोरा कागद

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

तुमचंच उदाहरण घेतो. १३७५ मध्ये इंग्रज टोळीनायक जॉन हॉकवुडने फ्लॉरेन्सकडून १,३०,००० फ्लोरिन कबूल करून घेतले. कशाबद्दल? हल्ला न करण्याबद्दल. यात फासा कुठे पडला? हे सगळं बोलण्यातून झालं. जाड पुस्तकात 'वाटाघाटी' नावाचं कौशल्य असतं. खेळाडू म्हणतो "मी वाटाघाट करतो", फाशावर सतरा पडतात, संपलं. मला ते नको. मला तुम्ही खुर्चीत पुढे सरकून माझ्याशी भांडायला हवे आहात.

आणि तुकडीचा नियम वाचलात का? एकट्याने तुकडीवर वार केला तर नुकसानीला फक्त डी४, म्हणजे चार बाजूंचा फासा. तुकडीने एकट्यावर केला तर डी१२, तोही आजूबाजूच्या सगळ्यांना. एवढ्या दोन वाक्यांत कळतं की उघड्या मैदानात हिरोगिरी चालणार नाही. कारकुनी करायची हौस असेल तर एक्सेल उघडा.

बिनधास्त डी२०

कागदराव, "बोलण्यातून होतं" हे तुमच्या टेबलावर. आमचे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, दर मोहिमेनंतर म्हणायचे, "समजा पगार मिळाला, पुढे चला." मी टोळीची नायिका होते, शंभर लोकांचं पोट माझ्यावर, आणि सगळं 'समजा'. नियम नसला की डीएमला ज्याचा कंटाळा तेवढंच टेबलावरून गायब होतं.

तासिका मास्तर

'समजा मिळाला' वाचून हसू की रडू कळेना. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. बिल कॉलेजातून वर जातं, वरून त्रुटी काढून खाली येतं, पुन्हा वर जातं. दिवाळी कोरडी, परीक्षेची ड्युटी मात्र वेळेवर. शिपाईमामा सुद्धा आता विचारत नाहीत "सर, झालं का?" म्हणून.

मुद्द्याचं बोलतो. इथे सगळे धरून चालले आहेत की पगार थकला की माणूस बंड करतो. नाही हो. थकला की माणूस चिकटतो! आज सोडलं तर मागचंही बुडेल या भीतीने पुढचं सत्र घेतो. तुमच्या टोळ्याही उपाशीपोटी वेढे घालत बसल्या असतील तर अशाच हिशेबाने. तेव्हा नियम करायचाच असेल तर 'पगार नाही, फासा टाका, पळाले' असा बाळबोध नको.

सरदेशमुखी

मास्तर, चिकटतात हे अर्धसत्य. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. पगारी गारदी आत शिरले त्यामागे कारस्थान होतंच, पण थकलेल्या पगाराची तक्रारही होती. एवढं जिवंत नाट्य घरात असताना इटलीतले खंडणीखोर कशाला? आणि पगारी कवायती फौज या विषयावर बोलायचं तर पानिपतावर इब्राहिमखान गारदी...

बिनधास्त डी२०

आलं! पानिपत आलं! पैज जिंकले मी.

सरदेशमुखी

हसा. गोलाची लढाई (गोल बांधून एकत्र लढायचं) की गनिमी कावा हा वाद म्हणजे नगद पगाराचं पायदळ विरुद्ध लुटीवर जगणारं घोडदळ. या धाग्याचाच विषय आहे. होळकरांचं ऐकलं असतं तर

पाठकोरा कागद

तर हा धागा निघालाच नसता. अहो, मध्ययुगीन चाललंय. तुमच्या गारद्यांकडे बंदुका आहेत.

सरदेशमुखी

वा. जंगलातून शिंगवाली भुतं आलेली चालतात, मेलेला चालत आलेला चालतो, आणि बंदूक दिसली की तुम्हाला कालगणना आठवते. स्पष्ट म्हणा ना, नाव इटालियन असलं की डार्क फँटसी आणि मराठी असलं की शाळेचा धडा.

पाठकोरा कागद

माझ्या तोंडी वाक्यं घालू नका. तुम्ही लिहा गारद्यांवर खेळ, केर्नचा परवाना मोकळा आहे, कोणी अडवलंय? पण तुम्हा लोकांना खेळ नको असतो, तक्रार हवी असते.

सरदेशमुखी

"तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला? जरा उघडून सांगा.

खडूस फासा

दोघांनीही पाणी प्या. पण सरदेशमुखींच्या बोलण्यात एक काटा आहे तो मलाही टोचतो. हॉकवुडचं घोड्यावरचं भव्य चित्र १४३६ मध्ये पाओलो उच्चेल्लोने फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये काढलं, आपण तेच डोळ्यांसमोर ठेवून खेळतो. १३७७ चं चेझेना कोणी खेळतं का? पोपचा प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्ट याच्या हुकमावरून ब्रेतॉन सैनिक आणि हॉकवुडचे इंग्रज शहरात घुसले, हजारो माणसं कापली. पुढच्याच वर्षी तो कार्डिनल प्रतिपोप, म्हणजे विरोधी गटाचा पोप, झाला. कागदराव, यावर तुमची वीस पानं काय म्हणतात?

पाठकोरा कागद

म्हणतात. आम्ही खेळलोय, म्हणून सांगतो.

नाव बदललेलं शहर, तीच गोष्ट. हुकूम आला, टोळी आत शिरली. सगळ्यांच्या कागदावर दहा-दहा रेघा. चांदीचं ताट एक स्लॉट, चर्चची घंटा अवजड म्हणून दोन, मेणबत्त्यांचा स्टँड एक. लूट भरताना पोरं खिदळत होती, खोडरबर फिरत होता. मग विहिरीपाशी एक चार वर्षांची मुलगी सापडली. आमच्यातला सर्वांत वात्रट गडी, त्याने विचारलं, "उचलली तर किती स्लॉट?" मी म्हटलं, अवजड, दोन. त्याच्या कागदावर जागा नव्हती. दहाही भरले तर हिट प्रोटेक्शन (वार चुकवायची ताकद) शून्य, हे त्याला माहीत. लूट टोळीच्या सामायिक खात्यातली, ती टाकता येईना. साखळी चिलखत दोन स्लॉटचं. त्याने ते खोडलं. पुढच्या गल्लीत आपलीच तुकडी उभी होती, डी१२ वाली.

'करुणा' नावाचं कौशल्य कुठल्या पुस्तकात होतं सांगा.

बिनधास्त डी२०

...मेला का तो?

पाठकोरा कागद

वाचला. हात गेला. मुलगी अजून कॅम्पेनमध्ये आहे, टोळीचा हिशेब तीच लिहिते.

खडूस फासा

किस्सा जबरदस्त, टोपी काढली. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत हे लक्षात आलंय का? तो प्रसंग मोकळ्या जागेतून आला नाही. स्लॉटचा नियम पानावर छापलेला होता, म्हणून तुम्हाला "असू दे, उचल" म्हणता आलं नाही. ओझ्याला नियम आहे म्हणून ओझ्यातून गोष्ट निघाली. पगाराला नियम नाही म्हणून पगारातून 'समजा' निघतं. मी जाड पुस्तक मागत नाहीये. तसलीच एक ओळ मागतोय.

मास्तरांचं ऐकून हे सुचलं. महिन्याला एक डी६. १-२ पूर्ण पगार, ३-४ अर्धा, ५-६ पुढच्या महिन्यावर. जे थकेल ते एका स्लॉटमध्ये लिहायचं, थकवा लिहितो तसं. टोळी सोडली तर स्लॉट मोकळा, पैसेही गेले. राहिलात तर ओझं वाढत जाणार.

पाठकोरा कागद

म्हणजे साडेवीस पानं. एवढ्या अर्ध्या पानासाठी माझी जाहीर धिंड काढलीत. वापरून बघतो, पण श्रेय देणार नाही.

आणि थकबाकीला वजन नसतं हो, स्लॉट कसला?

तासिका मास्तर

वजन नसतं? किराणावाल्याच्या दुकानासमोरून चालून दाखवा.

बिनधास्त डी२०

मास्तर फॉर्मात. पण एकाचा थकला आणि दुसऱ्याचा मिळाला तर? टोळीत भांडणं लावायला मस्त आहे, फक्त नायकाने आधी स्वतःचा काढून घेतला तर ते कोणाला कळणार? नायकाचा फासा झाकून टाका, मी तर म्हणते.

सरदेशमुखी

माझा प्रश्न राहिलाच. घोडं मेलं तर?

खडूस फासा

करारात लिहिलं असेल तर शहर भरेल. नसेल तर तुमचं तुम्ही. घोडं नाही तर पुढचा पगार पायदळाच्या दराने.

सरदेशमुखी

मग मी बारगीर म्हणून खेळणार. घोडा सरकारचा, मेला तर सरकारचा मेला. शिलेदारीची हौस ज्यांना असेल त्यांनी करावी. रविवारी किती वाजता?

पाठकोरा कागद

पाचला. पानिपत बाहेर चपलांपाशी काढून यायचं.