मणक्याच्या त्रासात मोटारसायकलची कोणती बैठक मानवते? मदत हवी आहे

नमस्कार.

माझे वय ४६ आणि उंची ५ फूट ६ इंच आहे. कमरेच्या एल४-एल५ या मणक्यांमधली चकती सरकल्याचे एमआरआयमध्ये दिसले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगून व्यायाम दिले आहेत. दुचाकी बंद करायला त्यांनी सांगितलेले नाही, मात्र सलग फार वेळ बसू नका आणि धक्के टाळा, असे बजावले आहे. सातारा ते शिरवळ हे रोजचे जाणे-येणे खंबाटकी घाट ओलांडून असल्याने आणि कामाच्या पाळीच्या वेळा एसटीशी जुळत नसल्याने मोटारसायकल सोडणे मला शक्य नाही.

सध्याच्या १५० सीसी गाडीचे हँडल खाली व पुढे, तर फूटरेस्ट मागे आहेत. त्यामुळे पाठ सतत वाकलेली राहते आणि कळ डाव्या पायात उतरते.

गाडी बदलायची म्हटल्यावर बहुतेक जण क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची आणि पाय पुढे ठेवून चालवायची गाडी सुचवतात. त्यांपैकी रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५० ची सीट ७६५ मिमी उंचीवर, म्हणजे माझ्या बेताची आहे. पण क्रूझरवर पाय पुढे गेले की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, धडाचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा किंवा गतिरोधक दिसला तरी पायांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही, म्हणजे धक्का थेट मणक्यात जातो. म्हणून फूटरेस्ट जवळपास शरीराच्या खाली आणि हँडल उंच असलेली ताठ बैठकच अशा दुखण्याला बरी, असे माझे मत होत चालले आहे. हे मत अनुभवाने खरे ठरते का, हे मला कळकळीने जाणून घ्यायचे आहे.

दुसरी शंका वजनाची. मीटिअर १९१ किलोची आहे, होंडा हायनेस १८१ किलोची. चालवताना हे वजन स्थैर्य देते, पण पार्किंगमध्ये वाकून गाडी मागे ओढणे आणि मधल्या स्टँडवर चढवणे कमरेला झेपते का?

मागचे शॉक मी सर्वांत मऊ खाचेवर ठेवून पाहिले. लहान हादरे कमी झाले, मोठ्या खड्ड्यात मात्र ते तळाला टेकतात. हँडल उंच करणारे रायझर बसवून किंवा सीटचा फोम बदलून कोणाला खरोखर फरक पडला असेल, तर आपली उंची, दुखण्याची जागा आणि सलग किती वेळ चालवता, हेही कृपया लिहावे.