डीफॉल्ट प्लेअर व्हीएलसी केला, तरी .एमपी४ दुसरीकडेच उघडतं

कळफलक

घरचा डेस्कटॉप, विंडोज ११. व्हीएलसी ३ ची ६४ बिट आवृत्ती सी ड्राइव्हवर रीतसर इन्स्टॉल केलेली. त्याआधी व्हीएलसीची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरून वापरात होती, ती डिस्कवर अजून आहे.

.एमकेव्ही फाइल डबल क्लिकवर व्हीएलसीत उघडते. .एमपी४ला मात्र ‘कशात उघडायचं’ असं विचारलं जातं, नाहीतर थेट विंडोजचा मीडिया प्लेअर सुरू होतो. ‘ओपन विथ’मधून सी ड्राइव्हवरची व्हीएलसीची फाइल दाखवून ‘ऑलवेज’ दाबलं, तरी पुढच्या वेळी ये रे माझ्या मागल्या. गंमत म्हणजे बाहेरची डिस्क जोडलेली असली की सगळं सुरळीत.

शिवाय पेन ड्राइव्ह लावला की गाणी आपोआप मीडिया प्लेअरमध्ये वाजू लागतात, आणि प्रत्येक गाण्यावर क्लिक केलं की व्हीएलसीची नवी खिडकी उघडते. मूळ एकच आहे की तीन वेगळे दोष?

तबकडी

सेटिंग्जमधल्या ‘डीफॉल्ट ॲप्स’च्या पानावर अगदी खाली ‘रीसेट’चं बटण आहे. ते दाबा आणि व्हीएलसी पुन्हा निवडा.

रात्रपाळी

ते बटण दाबू नका. त्याने एकटा प्लेअर नाही, तर ब्राउझर, पीडीएफ, फोटो, मेल असं सगळंच मायक्रोसॉफ्टच्या मूळ निवडीवर जातं. सुई हरवली म्हणून घर उपसण्यातला प्रकार. आणि इथला दोष त्याने जाईलच असंही नाही, कारण चुकीचा पत्ता दुसरीकडे लिहिलेला आहे.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. .एमपी४चं आधी बघू, कारण त्याबद्दलचं तुमचं शेवटचं वाक्य (डिस्क जोडली की सुरळीत) म्हणजेच निदान आहे.

विंडोजमध्ये ‘डीफॉल्ट प्लेअर’ नावाची एकच खूण नसते. प्रत्येक एक्स्टेंशनची (फाइलनावाच्या शेवटच्या .एमपी४सारख्या तुकड्याची) नोंद वेगळी, तीही प्रत्येक यूजर खात्यात वेगळी. ही नोंद थेट प्रोग्रॅमच्या फाइलकडे बोट दाखवत नाही. ती एका नावाकडे दाखवते, ज्याला प्रोगआयडी म्हणतात, आणि त्या नावापुढे कुठली फाइल चालवायची ते लिहिलेलं असतं. व्हीएलसी इन्स्टॉल झाल्यावर त्याची स्वतःची नावं नोंदवली जातात, .एमपी४साठी ‘व्हीएलसी.एमपी४’ असं. पोर्टेबल प्रत काहीच नोंदवत नाही. त्यामुळे ‘ओपन विथ’मधून फाइल शोधून दाखवली की विंडोज स्वतःच ‘ॲप्लिकेशन्स’ या खणात व्हीएलसीच्या फाइलनावाने एक नोंद करतं आणि त्या क्षणीचा पत्ता तिच्यात लिहून ठेवतं. हा खण फक्त फाइलचं नाव ओळखतो, फोल्डर नाही. म्हणून नंतर सी ड्राइव्हवरची त्याच नावाची फाइल दाखवली तरी विंडोजच्या लेखी ती ‘आधीपासून असलेलीच’ ठरते आणि पत्ता जुन्या डिस्कचाच राहतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

तपासायचं असं. बाहेरची डिस्क काढून ठेवा. विंडोज की आणि आर दाबून ‘रेजएडिट’ लिहा, म्हणजे रजिस्ट्री (विंडोजच्या नोंदींचं कोठार) उघडेल. डावीकडे ‘एचकी करंट यूजर’ उघडा, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, .एमपी४ आणि शेवटी यूजरचॉइस. उजवीकडे प्रोगआयडीची किंमत (व्हॅल्यू) दिसेल. ती ‘ॲप्लिकेशन्स’ या शब्दाने सुरू होत असेल तर वर लिहिलं तेच झालंय. इथे नुसतं बघायचं, काही बदलायचं नाही. का, ते खाली.

मग त्याच ‘करंट यूजर’खाली सॉफ्टवेअर, क्लासेस, ॲप्लिकेशन्स इथे जा आणि व्हीएलसीच्या नावाची की (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा खण) शोधा. तिच्या आत शेल, ओपन, कमांड असं उतरत गेलात की डीफॉल्ट किमतीत पत्ता दिसेल. तो बाहेरच्या डिस्कचा असेल तर व्हीएलसीच्या कीवर राइट क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ने प्रत काढून ठेवा, मग तेवढीच की डिलीट करा. त्याच्या वरचा ‘ॲप्लिकेशन्स’ खण अख्खा उडवू नका, बाकीच्या प्रोग्रॅमच्या नोंदीही त्यातच असतात. व्हीएलसी इन्स्टॉल करताना झालेली नोंद ‘लोकल मशीन’ या सगळ्या खात्यांसाठीच्या विभागात असते, तिला यामुळे धक्का लागत नाही. इतके दिवस ती झाकली गेली होती, कारण दोन्हीकडे एकाच नावाची नोंद असली तर यूजरची वरचढ ठरते.

आता ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डीफॉल्ट ॲप्स’. सर्वांत वरच्या चौकटीत .एमपी४ असं टिंबासकट लिहा, खाली आलेल्या ॲपवर क्लिक करा, यादीतून व्हीएलसी निवडा आणि ‘सेट डीफॉल्ट’ दाबा. यादीत व्हीएलसी दिसतच नसेल तर इन्स्टॉल करताना फाइल प्रकारांवरच्या खुणा काढल्या गेल्या असणार. इन्स्टॉलर पुन्हा चालवून त्या राहू द्या.

चौकट

रात्रपाळी यांच्याशी सहमत. पत्ता डिलीट न करता हाताने बदलायचा झाल्यास एक सांभाळा: प्रोग्रॅमच्या पत्त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हं हवीत, आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह व एकचा आकडा असतो त्याच्याभोवतीही. दुसरी जोडी गळली की नावात स्पेस असलेल्या फाइलचे तुकडे होतात. ‘सहल भाग २’ नावाची फाइल उघडायला गेलात तर व्हीएलसी ‘सहल’, ‘भाग’ आणि ‘२’ अशा तीन फाइली शोधतो आणि सापडत नाहीत म्हणून तक्रार करतो. माणूस मग फाइल खराब झाली समजतो.

यूजरचॉइसला हात का लावायचा नाही, ते. विंडोज ८ पासून त्या कीत प्रोगआयडीशेजारी हॅश नावाची दुसरी, पडताळणीची किंमत असते. ती इतर गोष्टींबरोबर एक्स्टेंशन, प्रोगआयडी आणि यूजरची ओळख यांवरून काढलेली असते. प्रोगआयडी हाताने बदलला की हॅश जुळत नाही, विंडोज ती नोंद बाद धरतं आणि ‘ॲप डीफॉल्ट रीसेट झालं’ असा संदेश कोपऱ्यात येतो. रजिस्ट्री ‘साफ’ करणारे प्रोग्रॅम आणि इकडून तिकडून उचललेल्या स्क्रिप्ट नेमकं हेच करून ठेवतात. दर थोड्या दिवसांनी निवड आपोआप बदलत असेल तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा. हॅशमुळेच कुठलाही प्लेअर हल्ली स्वतःला परस्पर डीफॉल्ट करू शकत नाही. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमधलं फाइल प्रकार जोडण्याचं बटणही सेटिंग्जचं पान उघडून देतं आणि थांबतं. पुढची निवड आपणच करायची.

रात्रपाळी

आता पेन ड्राइव्ह. त्याचा डीफॉल्ट ॲपशी संबंध नाही, ते ऑटोप्ले, म्हणजे ड्राइव्ह लावला की काय करायचं ते ठरवणारी विंडोजची सोय. ‘सेटिंग्ज’, ‘ब्लूटूथ ॲंड डिव्हायसेस’, ‘ऑटोप्ले’ इथे ‘रिमूव्हेबल ड्राइव्ह’समोर ‘टेक नो ॲक्शन’ किंवा ‘फोल्डर उघडा’ निवडा. तरीही वाजत राहिलं तर जुन्या कंट्रोल पॅनेलमधलं ऑटोप्लेचं पान बघा. तिथे गाणी, व्हिडिओ, फोटो आणि मिश्र मजकूर यांना वेगवेगळे रकाने आहेत, आणि नुसती गाणी असलेला पेन ड्राइव्ह गाण्यांच्या रकान्याचं ऐकतो.

खिडक्यांचा प्रश्न व्हीएलसीच्या आतला. ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘इंटरफेस’ टॅबमध्ये ‘अलाउ ओन्ली वन इन्स्टन्स’वर खूण करा, ‘सेव्ह’ करा आणि व्हीएलसी पूर्ण बंद करून उघडा. त्याच्याखाली ‘एनक्यू’ने सुरू होणारी एक ओळ आहे. तिच्यावर खूण केली तर नवं गाणं लगेच न वाजता रांगेत मागे जातं. अर्धे लोक ही खूण करतात आणि मग डबल क्लिक चालत नाही म्हणतात.

कळफलक

प्रोगआयडी ‘ॲप्लिकेशन्स’नेच सुरू होत होता आणि कमांडमध्ये बाहेरच्या डिस्कचा पत्ता होता. की काढली, सेटिंग्जमधून .एमपी४ जोडलं, डिस्क न जोडताही व्हीएलसीत उघडतंय. ऑटोप्ले आणि खिडक्यांचंही जमलं.

दोन शेपटं उरली. काही .एमपी४वर चिन्ह अजून जुन्याच प्लेअरचं दिसतं. आणि एका फोल्डरमधले व्हिडिओ अजूनही मीडिया प्लेअरमध्ये जातात.

चौकट

चिन्हं विंडोज साठवून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. तरी बदललं नाही तर संगणक एकदा बंद-चालू करा.

त्या फोल्डरमधल्या फाइली बहुधा .एमपी४ नाहीतच. एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून बघा. मोबाइल किंवा कॅमेऱ्याचे व्हिडिओ .एमओव्ही किंवा .एम४व्ही असतात, आणि त्यांची नोंद वेगळी करावी लागते. ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये खाली व्हीएलसीचं स्वतःचं पान आहे, त्यात सगळी एक्स्टेंशनं ओळीने दिसतात. एकेक करून बदलायची, दुसरा सरळ मार्ग नाही. सगळी करत बसू नका. .एमपी४, .एमकेव्ही, .एव्हीआय, .एमओव्ही, .एम४व्ही, .वेबएम आणि गाण्यांसाठी .एमपी३, .एम४ए, .फ्लॅक, .वेव्ह एवढी केली की घरातलं जवळपास सगळं त्यात येतं.

तबकडी

रीसेटचं माझं मागे घेतो. त्याच संगणकावर दुसऱ्याचं खातं असेल तर हे सगळं तिथेही करावं लागेल का? एकदा निवड करून फाइलमध्ये उतरवता येते असं वाचलंय.

रात्रपाळी

हो, तिथे वेगळं करावं लागेल. निवड ‘करंट यूजर’खाली साठते, म्हणजे ज्याचं खातं त्याचीच. तुम्ही म्हणताय ती सोय डिझम या विंडोजमधल्या कमांडची. ती निवड एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून देते, पण परत भरली की त्यानंतर पहिल्यांदाच लॉगिन होणाऱ्या नव्या खात्यांनाच लागू होते. आधीपासून वापरात असलेल्या खात्यावर तिचा परिणाम होत नाही. घरात दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकात सेटिंग्जमधून हाताने केलेलंच लवकर होतं.

कळफलक, जाता जाता: बाहेरच्या डिस्कवरची पोर्टेबल प्रत ठेवायची असेल तर तिच्या मुख्य फाइलचं नाव बदलून ठेवा, शेवटचं एक्स्टेंशन तसंच राहू द्या. मग ‘ओपन विथ’मधून ती चुकून दाखवली गेली तरी तिची नोंद वेगळ्या नावाने होईल आणि इन्स्टॉल केलेल्या व्हीएलसीचा पत्ता पुन्हा झाकला जाणार नाही.