९६ किलोचा बोकड पहिला आला, मटणाचं काय?

लाल_माती: परवा एकानं फोटो टाकला, प्रदर्शनात ९६ किलोच्या बोकडाला पहिला नंबर, गळ्यात हार, खाली "कॉलेजच्या पोरांनो, शंभरीचं टार्गेट ठेवा". दोन दिवस गप्प बसलो, आता नाही बसवत. अरे शेवटी खायचाच आहे ना तो? शेळीची चरबी मांसात फारशी भिनत नाही, आधी पोटात गुर्द्याभोवती साचते. असला बोकड सोलल्यावर पोटात हात घाला, ओंजळभर पांढरं निघतं, ते कोण घेणार? नऊ-दहा महिन्यांचा, २५-३० किलोचा उस्मानाबादी जातीचा, खच्ची केलेला, वास नाही काही नाही, त्याच्यापुढं हा हत्ती काय कामाचा.

बोअर_भक्त: पाळा मग उस्मानाबादी आणि बसा रडत. पूर्ण वाढलेला नर पस्तिशीच्या आसपास अडकतो. ३० किलोला मटण पडतं १४, साडेचौदा. माझ्या ८० किलोच्या क्रॉसला, म्हणजे बोअर जातीच्या संकराला, निम्म्याच्या वर पडलं. आणि ईदला वर्ष पूर्ण लागतं, दात बघतात, तुमचं नऊ महिन्यांचं पिल्लू दारातूनच परत.

लाल_माती: ईदचं मान्य, तिथं चूक माझी. पण निम्म्याच्या वर का पडलं? चरबी पण काट्यावर चढते साहेब.

बाजारकरी: काट्याचंच आधी बोला. बाजारात ३३ किलोचा घेतला, दुसऱ्या दिवशी घरी तोलला तर ३०. मीठ चारून पाणी पाजलेलं. ४५० च्या भावानं १३५० रुपयांचं पाणी विकत घेतलं मी.

बोअर_भक्त: ते व्यापारी करतात, पाळणारे नाही.

बाजारकरी: पाळणाराच होता! मेव्हण्याचा पावणा, वर चहा पाजला.

ठेसा_भाकरी: चहा पण वजनात धरला असेल 😂 रात्रभर चारा-पाणी बंद करून सकाळी तोलायचा हो.

बाजारकरी: तसं म्हटलं की विकणारा म्हणतो पोट खपाटीला गेलं, भाव पाडताय. आणि प्रदर्शनात कोण उपाशी तोलतं? त्या ९६ मध्ये बादल्या किती ते विचारा आधी.

बोअर_भक्त: विषय काय, तुमचं काय! पाण्याचा धागा वेगळा काढा.

शेळीमाय: माझा पुतण्या बारावीत होता, त्यानं असाच खच्ची बोकड तयार केला, शंभरीच्या नादात मका भरडा, गव्हाचा भुसा, हिरवं जवळपास बंदच. प्रदर्शनाला चार दिवस राहिले आणि बोकड पाठ वाकवून नुसता उभा, जोर करतोय, थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले मूतखडा, खुराक जास्त झाला. नाही वाचला. पोरगं आठवडाभर गोठ्याकडं फिरकलं नाही.

बोअर_भक्त: वाईट झालं ताई. पण ती चूक खुराकाची, वजनाची नाही. डॉक्टरला विचारून नवसागर देतात, मूतखडा टाळायला.

लाल_माती: शंभरी गाठायची म्हटल्यावर खुराक कमी कोण करणार दादा?

बोअर_भक्त: बरं, जिंकलात, मिशीला पीळ द्या. रविवारच्या रश्श्याला तुमचा ३० किलोचा. ईदला मी शंभरचाच विकणार, चालेल?

बाजारकरी: विका की. सकाळी उपाशी तोलतानाचा फोटो टाका फक्त.

बोअर_भक्त: तुम्ही अजून तिथंच!