रेनबो फिशबद्दल थोडं वेगळं मत

मैत्री शिकवायला मार्कस फिस्टरचं 'द रेनबो फिश' (1992) हे मुलांचं चित्रपुस्तक बेस्ट असं बरेचदा म्हटलं जातं ना, चित्रं खरंच सुंदर आहेत त्याची, पण मला ते वाचताना दरवेळी खटकतं. तो मासा आपले चमकते खवले एकेक करून वाटतो, शेवटी स्वतःकडे एकच ठेवतो आणि तेव्हा कुठे त्याला मित्र मिळतात. लहान मुलाला यातून काय कळणार, की आपल्या अंगावरचं काढून दिलं तरच कोणी खेळायला घेईल? शेअरिंग म्हणजे खेळणं देणं, स्वतःला देणं नव्हे.

त्यापेक्षा डेव्हिड मकीचा 'एल्मर' (1968) वाचून दाखवा. तो रंगीबेरंगी हत्ती बाकीच्यांसारखं दिसायला फळांत लोळून राखाडी होतो, आणि मग सगळा कळपच गप्प गप्प, काहीतरी चुकतंय हे त्याच्या लक्षात येतं, शेवटी त्यालाच हसू फुटतं आणि पाऊस पडून रंग धुतला जातो. कोणी उपदेश करत नाही, मूल आपोआप समजतं.

आणि 'फर्डिनांड' (1936) विसरू नका, बैल एकटाच फुलं हुंगत बसतो, आईला वाटतं याला एकटं वाटत असेल, पण तसं नाहीये हे कळल्यावर ती त्याला बसू देते. ते पान आईबाबांनीच आधी वाचावं, प्लीज.