मदत हवी आहे: बॅरन बेटाचा इन्फ्रासाउंड पकडलाय का?

बालाघाटी: इन्फ्रासाउंडचा (कानाला ऐकू न येणारा, 20 हर्ट्झच्या खालचा आवाज) सेन्सर चालू आहे, नोंदी येतायत. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या हर्ट्झला किती जोर, त्याचा आलेख) टोकदार शिखरं दिसतात, तीही सारख्या अंतरावर. अंदमानातल्या बॅरन बेटाचा ज्वालामुखीच असणार ना? नसेल तर हे गाळायचं कसं? सोमवारी प्रकल्प दाखवायचाय, लवकर सांगा.

मिलिबार: सेन्सर कोणता? सेकंदाला किती नमुने? लावलाय कुठं? शिखरं किती हर्ट्झला? काहीच सांगितलं नाही, आम्ही काय कपाळ सांगणार?

लॅटरलवाला: आधी वाऱ्याचा बंदोबस्त करा. ठिबक सिंचनाची भोकांची 16 मिमी नळी, म्हणजे लॅटरल, चारही दिशांना दहा-दहा मीटर पसरा आणि मधोमध सेन्सरला जोडा. लांब नळीवरचे वाऱ्याचे झोत एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सरासरीत विरतात. लांबून आलेली लाट मात्र सगळ्या भोकांवर जवळपास एकदमच पोचते.

मिलिबार: इनलाइन लॅटरल (ड्रिपर नळीच्या आतच बसवलेली) चालायची नाही. ड्रिपरच्या आतली वाट नागमोडी आणि अरुंद, हवेला फार अडवते. साधी लॅटरल घेऊन पंचनं भोकं पाडा, ड्रिपर बसवू नका, टोकं बंद करा.

लॅटरलवाला: इनलाइनही चालते, पावसात फक्त पाणी भरतं.

मिलिबार: पाणी भरल्यावर काय ऐकणार, बेडूक? काळ्या रानात पुरूही नका. उन्हाळ्यात भेगा पडल्या की नळीचे सांधे सुटतात.

बालाघाटी: एसडीपी610, दोन तोंडांमधला दाबाचा फरक मोजणारा, 125 पास्कलपर्यंतचा. एक तोंड बाहेर, दुसरं बाटलीत. 20 नमुने. पाटोद्याजवळ, पत्र्याच्या खोलीत. शिखरं 0.75, 1.5, 2.25 हर्ट्झ. दुपारी रेघ सारखी टोकाला जाऊन चिकटते.

मिलिबार: टोकाला चिकटणं हा पत्र्याचा प्रताप. बंद बाटलीतली हवा 0.1 अंश तापली तरी दाब सुमारे 33 पास्कलनं वाढतो. अर्ध्या अंशातच तुमची मर्यादा संपते. बाटली थर्मासात ठेवा, वर थर्मोकोल, आणि सगळं सावलीत. दाब हळूहळू सोडायला वेगळी केशनळी (केसासारखी बारीक नळी) लावू नका, या सेन्सरमधूनच हवा झिरपते. अजून खालची वारंवारता हवी असेल तर बाटली मोठी घ्या.

खडक_काळा: दादा, आसपास पवनचक्क्या आहेत का?

बालाघाटी: आहेत की, डोंगरावर रांगच आहे. त्याचा काय संबंध?

खडक_काळा: सगळा संबंध तोच. तीन पाती, मिनिटाला 15 फेरे, म्हणजे सेकंदाला 0.75 पाती मनोऱ्यासमोरून जातात. 1.5 आणि 2.25 ही त्याचीच दुप्पट-तिप्पट. बॅरन तुमच्यापासून दोन हजार किमीच्या वर, आवाज यायलाच दोनेक तास. त्याचे लहान स्फोट इतक्या लांबून असे घड्याळासारखे दिसणार नाहीत. शिवाय 10 हर्ट्झला काही दिसलं तर तेही सोडा. सेकंदाला 20 नमुनेच घेतले की घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा गोंगाट खोटाच 10 हर्ट्झवर उमटतो.

नांदेडी: किल्लारीचा भूकंप यात आधी कळला असता का?

खडक_काळा: नाही. हे हवेतल्या दाबाचं यंत्र आहे. वेगळा धागा काढा.

सातमाळा: पॅसिफिकमधल्या टोंगाच्या ज्वालामुखीचा स्फोट तर साध्या बॅरोमीटरवर दिसला होता, 15 जानेवारी 2022 ला, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास. एवढा खटाटोप कशाला?

मिलिबार: ती लाट जगाला वेढा घालणारी, दाबाचा चढउतार मिनिटांच्या मापाचा. बालाघाटींच्या जोडणीत इतका संथ बदल झिरपून नाहीसाच होईल. आणि बॅरन त्या मापाचा नाही.

बालाघाटी: मग सोमवारी दाखवू काय??

खडक_काळा: पवनचक्की! मोबाइलवर व्हिडिओ काढा, मिनिटाचे फेरे मोजा, 3 ने गुणून 60 ने भागा. वारा बदलला की फेरे बदलतात, शिखरही सोबत सरकलं पाहिजे. बॅरन हवाच असेल तर शंभरेक मीटरच्या त्रिकोणात तीन सेन्सर, तिघांना जीपीएसची वेळ, म्हणजे लाट कुठं आधी पोचली त्यावरून दिशा कळते. आवाज उत्तरेपासून साधारण 108 अंशांवरून आला तरच पुढं बोलू. जून ते ऑगस्टमध्ये 40-50 किमी उंचीवरचे पूर्वेचे वारे तिकडचा आवाज आपल्याकडे वळवतात. नेमका तेव्हाच खाली मान्सूनचा वारा, म्हणून नळ्या लागतातच.

लॅटरलवाला: तेच तर म्हणत होतो. इनलाइन घ्या.