पहिली दिवाळी: आईला घरीच ठेवावं की बाहेर न्यावं?

पारिजात: बाबा आषाढात गेले. ही पहिली दिवाळी. आमच्यात वर्षभर सण करत नाहीत, त्यामुळे कंदील नाही, फराळ नाही. भाऊ म्हणतो, आईला चार दिवस महाबळेश्वरला नेऊ, तेवढाच बदल. मला पटत नाही. बेचाळीस वर्षं ज्या घरात तिने पहाटे उठून बाबांना उटणं लावलं, ते घर नेमकं याच दिवसांत कुलूप लावून सोडायचं? रडू आलं तर तिथेच रडू दे तिला. तुम्हाला काय वाटतं?

पंचगंगा: भावाचं बरोबर आहे. वडील गेले तेव्हा आम्हीही दार लावून बसलो होतो. समोरच्या गॅलरीत कंदील, खाली मुलांचे फटाके, आणि आम्ही हॉलमधला दिवासुद्धा अंधार पडून गेल्यावर लावायचो. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तेव्हा तुटलेलं जेवण तुळशीचं लग्न झालं तरी सुरळीत झालं नाही. दुःख करू देणं वेगळं, अंधारात बसवणं वेगळं.

रेवा: आम्ही मावशीला हॉटेलात नेलं होतं. नाश्त्याला प्रत्येक टेबलावर भरलेली कुटुंबं. वेटरने 'हॅपी दिवाळी' म्हणत तिच्या हातावर पेढा ठेवला. ती तो मुठीत धरून खोलीत गेली. संध्याकाळी पाहिलं तर पेढा उशाशी तसाच. घरी निदान ओळखीचं कोणी शेजारी येऊन बसलं असतं.

पंचगंगा: येऊन बसलं असतं, हे तुम्ही धरून चालता. आमच्याकडे कोणी आलं नाही.

काकडआरती: तिथेच तर बिघडलंय. दुःखाच्या घरी फराळ करत नाहीत, म्हणून भावकीने, शेजाऱ्यांनी डबे न्यायचे, तासभर बसायचं, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढायच्या. आता डबा वॉचमनकडे ठेवून जातात. माणसं येईनाशी झाली की मागे नुसती बंदी उरते.

आणि पाडव्याबद्दल कोणीच बोललं नाही. नवऱ्याला ओवाळायचा दिवस. लक्ष्मीपूजन कसंबसं निभतं, पाडवा अंगावर येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रकही निघालं. पण ताट हातात घेताना आईला मागे उभं करणारे घरचेच असतात. तिला पुढे बोलवा.

निशिगंध: मी परिचारिका आहे. घरी राहा नाहीतर बाहेर जा, बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका. सणाच्या गडबडीत हेच आधी राहतं. रडणं आजार नाही. पण झोप आणि जेवण दोन आठवडे उडालं असेल, किंवा 'आता जगून काय करू' असं वारंवार तोंडी येत असेल, तर सण उलटायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पारिजात: काल पहिल्यांदा आईलाच विचारलं. इतके दिवस आम्ही दोघं भावंडं आपसातच भांडत होतो. ती म्हणाली, "कंदील नको. दारात एक पणती लाव. महाबळेश्वरला नंतर जाऊ. पाडव्याला मात्र मला एकटीला ठेवू नका." भाऊ अजून बुकिंग रद्द करायला तयार नाही. पाडव्याला आत्याला बोलावलंय. बाबांना लहानपणापासून ओळखणारी आता तीच एक आहे.